धुतलेल्या कपड्यांचा वास: घाम, कापड आणि ऊन

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकदोघांनी आम्हाला विचारलं, यावर तासभर बोलण्यासारखं आहे तरी काय? कपडे मळले की धुवायचे, वाळले की घड्या घालायच्या, विषय संपला. पण ज्यांच्याकडे तो संपत नाही अशी माणसं पुष्कळ आहेत, आणि ती चारचौघांत विचारत नाहीत. व्याख्यान झाल्यावर, बाकीचे चहाकडे वळले की, जवळ येऊन हळू आवाजात विचारतात. कुणी म्हणतं, शर्ट धुऊन, इस्त्री करून घातला तरी ऑफिसात पोचेपर्यंत काखेतून पुन्हा तोच वास. कुणाच्या मुलाशेजारी वर्गात बाकावर कोणी बसत नाही. कुणाचे सासरे अंथरुणाला खिळलेत. घरची माणसं रोज अंग पुसतात, चादर बदलतात, तरी खोलीतला वास हलत नाही आणि नातवंडं दारातूनच बोलून पळतात.

या तिन्ही प्रश्नांमागे एकच भीती असते, की आमच्यातच काहीतरी घाण आहे. आणि वासाला आपल्या समाजात वाईट इतिहास आहे. ‘त्यांच्याकडे वास येतो’ हे वाक्य माणसाला दूर ठेवायला किती पिढ्या वापरलं गेलं, ते सांगायला नको. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारणं पुढे येतीलच. धुतलेल्या कपड्याला येणारा वास हा बहुतेक वेळा कापडाचा, धुण्याच्या पद्धतीचा आणि वाळवण्याचा प्रश्न असतो. आम्ही रसायनशास्त्र शिकवणारी माणसं आहोत, तेव्हा त्याच अंगाने बोलू.

आधी घाम. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो, हे ऐकून लोक आमच्याकडे संशयाने बघतात. पण ते खरं आहे. अंगावर घामाच्या ग्रंथी दोन प्रकारच्या. पहिल्या सगळ्या अंगभर, लाखोंच्या संख्येने. त्यांतून येतं ते मुख्यतः पाणी आणि मीठ, अंग थंड ठेवण्यासाठी. दुसऱ्या काखेत, जांघेत आणि अशाच काही ठिकाणी. त्या वयात येताना जाग्या होतात. म्हणून पाचवीतल्या मुलाला जो प्रश्न नसतो तो आठवीत येतो, आणि घरच्यांना वाटतं की हा आंघोळीचा कंटाळा करायला लागला. या दुसऱ्या ग्रंथींचा स्राव दाट असतो, त्यात प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि काही खास रेणू असतात. त्वचेवर राहणारे जीवाणू ते रेणू तोडतात आणि त्यातून हवेत उडणारी आम्लं आणि गंधकयुक्त संयुगं सुटतात. काखेचा जो ओळखीचा उग्र वास, तो यांचा. पायमोज्यांचा आंबूस वास वेगळा. तिथे आयसोव्हॅलेरिक आम्लाचा वाटा मोठा. जुन्या चीजला जो वास येतो त्यातही हेच आम्ल असतं.

जाता जाता एक गंमत. कोरियात आणि पूर्व आशियाच्या मोठ्या भागात बहुतेक लोकांच्या काखेला हा वास फारसा येतच नाही. एबीसीसी११ नावाच्या एका जनुकातला छोटासा फरक त्याला कारणीभूत आहे. २००६ साली जपानी संशोधकांनी दाखवलं, की याच फरकावर कानातला मळ ओला की कोरडा हेही ठरतं. म्हणजे अंगाचा वास किती येणार यातला बराचसा भाग जन्मतःच ठरलेला असतो. एकाच घरात दोन भावंडं एकाच साबणाने आंघोळ करतात आणि एकाचे कपडे वास धरतात, दुसऱ्याचे नाही, यात कोणाचा आळस नसतो.

आता कापड. खरी मेख इथे आहे. सुती कापड सामान्य हवेत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून ठेवतं, लोकर त्याच्याही दुप्पट. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पॉलिएस्टरला पाणी आवडत नाही, तेल आवडतं. घामातलं पाणी त्याच्यावरून उडून जातं, पण त्वचेचं तेल आणि वासाचे तेलकट रेणू त्या धाग्यात घुसून बसतात. धुताना पाणीच त्या धाग्यात शिरायला नाखूष, मग रेणू बाहेर येणार कसे? शर्ट वाळतो, दुकानातून आणल्यासारखा दिसतो. अंगात घातल्यावर शरीराची ऊब आणि थोडा घाम मिळाला की आत दडलेले रेणू बाहेर पडायला लागतात. म्हणून ‘धुतला तरी अर्ध्या तासात वास’. तो आजचा घाम नसतोच. गेल्या पंधरा दिवसांचा साठा असतो.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात यावर एक छान प्रयोग झाला, २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. २६ जणांना व्यायामाच्या सायकलींवर घाम निघेपर्यंत दामटवलं; कोणाच्या अंगात सुती टी-शर्ट, कोणाच्या पॉलिएस्टर, कोणाच्या मिश्र. मग ते शर्ट पिशव्यांत बंद करून ठेवले आणि वास घेणाऱ्या पारखी मंडळींच्या हाती दिले. पॉलिएस्टरचे शर्ट जास्त उग्र, जास्त आंबूस ठरले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, काखेत वास तयार करणारे मुख्य जीवाणू कापडावर फारसे वाढलेच नव्हते. पॉलिएस्टरवर मायक्रोकोकस नावाच्या वेगळ्याच जीवाणूंचं पीक आलं होतं. म्हणजे काखेचा वास आणि शर्टाच्या काखेचा वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगाला कितीही महागडा साबण लावा, शर्टातली वस्ती तशीच राहते.

म्हणून पहिला सल्ला खरेदीचा. उन्हात हिंडण्याचं काम असेल, वयात आलेलं मूल असेल, तर अंगालगतचा कपडा सुती घ्या. शाळेचा गणवेश अनेकदा मिश्र कापडाचा आणि ठरावीक दुकानातूनच घ्यावा लागतो, तिथे आपलं चालत नाही. मग आत सुती बनियन घालावं. आपल्या आजोबांची बाह्यांची बंडी आठवते? काखेपर्यंत झाकणारी. आजकालचं बिनबाह्यांचं बनियन नेमकी काखच उघडी ठेवतं. साडीच्या ब्लाऊजचंही तसंच. वरचं कापड कितीही भारी असो, अस्तर सुती हवं. शिंपी स्वस्तातलं सिंथेटिक अस्तर लावतो आणि दोष मात्र नेसणारीच्या घामाला लागतो.

दुसरी गोष्ट, कपडा काढल्यापासून धुवेपर्यंतचा वेळ. घामाने ओला झालेला शर्ट आपण काय करतो? बोळा करून मोरीतल्या बादलीत किंवा झाकणाच्या टोपलीत टाकतो. ऊब, ओल आणि खाद्य, तिन्ही एकत्र. जीवाणूंना यापेक्षा वेगळं काही लागत नाही. तोच शर्ट आधी दांडीवर पसरून वाळू द्या आणि मग धुण्यात टाका. खेळून आलेल्या मुलांचे कपडे दप्तरात, पिशवीत रात्रभर राहू देऊ नका. अर्धे वास इथेच कमी होतात, आणि याला पैसा लागत नाही.

आता धुणं. आपल्याकडे रात्री कपडे भिजत घालून सकाळी धुण्याची पद्धत आहे. तिचा उद्देश चांगला, पण आपल्या उन्हाळ्यात बादलीतलं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं, आणि मळक्या पाण्यात दहा-बारा तास म्हणजे जंतूंना पाहुणचारच. चांगली पावडर घालून अर्धा-पाऊण तास, फार तर तासभर भिजवणं पुरे. ज्या पावडरीत एन्झाइम असतात ती प्रथिनं आणि तेल तोडते. पाकिटाच्या मागे लिहिलेलं असतं, वाचावं. मात्र रेशमाला आणि लोकरीला ती वापरू नये, कारण ते धागे स्वतःच प्रथिनांचे आहेत. त्यांच्यासाठी रिठा आजही उत्तम. सौम्य फेस येतो आणि धाग्याला इजा होत नाही.

काखेचा, कॉलरचा भाग कपडा कोरडा असतानाच हाताळा. पाण्यात बुडवल्यावर साबण पातळ होतो आणि तेलापर्यंत पोचत नाही. कोरड्या काखेवर द्रव डिटर्जंट, नसेल तर भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, बोटाने चोळून वीस मिनिटं ठेवा, मग धुवा. पॉलिएस्टरसाठी कोमट पाणी, ४० अंशांपर्यंतचं, थंड पाण्यापेक्षा बरंच चांगलं काम करतं. ज्यात वास फार मुरलाय असा कपडा दोन-तीन धुण्यांत सुटतो, एकाच धुण्यात चमत्काराची अपेक्षा नको.

इथे व्हिनेगरबद्दल बोलायलाच हवं, कारण मोबाइलवर फिरणारे निम्मे उपाय व्हिनेगरचे आणि खायच्या सोड्याचे असतात. काखेच्या वासाचे बरेच रेणू आम्लं आहेत हे आपण पाहिलं. आम्लाला अल्कली मिळाली की त्याचं क्षार बनतं. क्षार हवेत उडत नाही, पाण्यात विरघळतं आणि धुऊन जातं. म्हणजे घामाच्या वासाला हवी अल्कली, आणि आपण घालतो आणखी एक आम्ल! उलट लघवीच्या जुन्या वासात अमोनिया असतो, तो अल्कधर्मी. तिथे व्हिनेगरचा उपयोग आहे. आणि दोन्ही एकत्र घालणं ही तर शुद्ध करमणूक. फसफसतं, बघायला छान वाटतं, पण दोघं एकमेकांना संपवून टाकतात आणि बादलीत थोडं मिठासारखं पाणी उरतं. घामाच्या कपड्यांसाठी खायच्या सोड्यापेक्षा धुण्याचा सोडा प्रभावी आहे. बादलीभर कोमट पाण्यात दोन चमचे, फक्त सुती आणि पॉलिएस्टरसाठी, आणि हातमोजे घालून.

परिटाची भट्टी आठवणारी मंडळी आज ऐकत असतील तर त्यांच्या लक्षात आलं असेल. सुती कपडे खाराच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफवायचे, मग घाटावर आपटून भरपूर पाण्यात खळबळायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. अल्कली, उष्णता, रगडणं, मुबलक पाणी, जलद वाळणं. वासाच्या दृष्टीने पाहिलं तर यात एकही गोष्ट कमी नाही. कपडे लवकर फाटायचे, बटणं तुटायची, ती गोष्ट वेगळी. या ज्ञानाची कदर आपण कधी केली नाही. कपडे स्वच्छ करणाऱ्यालाच समाजाने खालच्या पायरीवर बसवलं. गाडगे महाराज याच परीट समाजात जन्मले होते, आणि गावोगाव खराटा घेऊन स्वच्छता शिकवत फिरले, हा योगायोग वाटत नाही आम्हाला.

आता घरोघर मशीन आहे, आणि मशीनमध्ये आपण भट्टीच्या बरोबर उलट करतो. थंड पाणी, पंधरा मिनिटांचा झटपट प्रोग्राम, ड्रम गळ्यापर्यंत भरलेला. कपडे एकमेकांना घासायला जागाच नसते. ड्रम दोन-तृतीयांश भरावा. पावडर जास्त घातली तर स्वच्छता जास्त होते हाही गैरसमज. न निघालेली पावडर धाग्यात बसते, मळ धरून ठेवते. बोअरचं जड पाणी असेल तिथे हे आणखी जाणवतं, कारण कॅल्शियमबरोबर साबणाची चिकट साय बनते. अशा ठिकाणी साबणाच्या वडीपेक्षा डिटर्जंट बरा, आणि सोबत थोडा धुण्याचा सोडा. सुवासिक फॅब्रिक कंडिशनरचं आम्हाला फारसं कौतुक नाही. तो धाग्यावर मेणचट थर देतो, त्याने कपडा मऊ लागतो, पण टॉवेल पाणी टिपेनासा होतो आणि खेळाच्या कपड्यांत वास कोंडला जातो. वासावर वास चढवला की तिसराच वास तयार होतो, हे लोकलच्या डब्यात सकाळी आठ वाजता सिद्ध होतं.

आणि मशीनला स्वतःला वास येत असेल तर ते कपडे स्वच्छ कसे करणार? समोरून उघडणाऱ्या मशीनच्या रबरी कड्यात बोट फिरवून बघा. पाणी, केस, काळपट चिकटा निघेल. तो पुसा, धुणं झालं की दार उघडं ठेवा, आणि महिन्यातून एकदा रिकामं मशीन सगळ्यात गरम पाण्यावर फिरवा.

वाळवण्याकडे येऊ. घामाचा वास वेगळा आणि कुबट वास वेगळा. पावसाळ्यात दोन दिवस दांडीवर लोंबकळणाऱ्या कपड्याला येतो तो कुबट, ओल्या पोतेऱ्यासारखा. जपानमधल्या काओ कंपनीच्या संशोधकांनी २०१२ साली त्यामागचा मुख्य आरोपी शोधला, मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जीवाणू. धुण्यातून तो थोडा उरतो, कापड ओलं असेपर्यंत वाढतो आणि एक विशिष्ट आम्ल तयार करतो. हा प्राणी चिवट आहे. कोरडेपणा आणि अतिनील किरण दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. म्हणून ‘उन्हाने सगळे जंतू मरतात’ यावर विसंबू नये. उन्हाचा मोठा फायदा हा की कपडा दोन तासांत वाळतो आणि जंतूंना वाढायला वेळच मिळत नाही.

मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कुठून आणणार? हवेतच ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता. अशा वेळी वेळ वाचवायचा. मशीनमध्ये दोनदा पिळून घ्या. दांडीवर दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा, जीन्स आणि पँटी उलट्या करून खिसे बाहेर काढा, आणि कपड्यांवर सरळ पंखा सोडा. हवा हलती हवी, ती गरमच असायला हवी असं नाही. एकदम ढीगभर धुणं काढण्यापेक्षा रोज थोडं काढा. दांडीवर मावेल एवढंच. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी तो ड्राय मोडवर लावला तर खोलीतली ओल निघून जाते. किंचित दमट कपड्यावर इस्त्री फिरवून तो पूर्ण वाळवणं हाही चांगला उपाय. मात्र काखेत वास उरलेल्या शर्टावर इस्त्री फिरवली की वास जागा होतो. ती एक चाचणीच समजा. इस्त्रीच्या वाफेला घामट वास आला तर शर्ट परत धुण्यात.

उन्हात वाळलेल्या कपड्यांना जो ताजा, करकरीत वास येतो तो कल्पनेतला नाही, हेही सांगायला हवं. कोपनहेगनमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी साध्या पाण्यात धुतलेले सुती टॉवेल उन्हात, सावलीत आणि घरात वाळवून पाहिले. २०२० साली ते निष्कर्ष आले. फक्त उन्हातल्या टॉवेलांत काही अल्डिहाइड आणि कीटोन आढळले, फुलांत आणि अत्तरांत सापडतात त्या जातीचे. ओल्या कापडावर ऊन आणि हवा यांची क्रिया होऊन ते बनतात. आपल्या आज्या चादर नाकाशी धरून ‘वाळली’ म्हणायच्या, ते उगीच नव्हे.

अंथरूण-पांघरुणाला आम्ही जाणीवपूर्वक जास्त वेळ ठेवलाय. दिवसाचे सात-आठ तास आपण त्यात असतो आणि धुतो सगळ्यात कमी. आपल्याकडे ‘दसरा काढायची’ पद्धत आहे. घटस्थापनेच्या आधी घरातली एकूण एक गोधडी, वाकळ, सतरंजी, चादर नदीवर किंवा विहिरीवर न्यायची, पायांनी तुडवून धुवायची, खडकावर वाळत घालायची. पावसाची ओल चार महिने मुरलेली असते आणि आश्विनाचं ऊन पडायला लागलेलं असतं. वेळ अगदी नेमकी निवडलेली आहे. आणि गोधडी म्हणजे तरी काय? जुन्या सुती साड्यांचे पातळ थर. पाणी आरपार जातं, ऊन आरपार जातं. आजची जाड फायबरची रजई मशीनमध्ये मावत नाही, बाहेर धुवायला टाकली तर खर्च येतो, म्हणून वर्षानुवर्षं धुतलीच जात नाही. अशा रजईला सुती खोळ शिवून घ्या आणि खोळ धुवा. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा, चादर आठवड्याला एकदा. उन्हाळ्यात चादरही दोनदा बदलली तर बरं. सुती चादरी अधूनमधून ६० अंशांच्या पाण्यात धुतल्या तर जंतूही कमी होतात आणि धुळीतले सूक्ष्म किडेही मरतात. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणाची घडी घालू नका, हे शिस्तीच्या माणसांना पटत नाही. पण रात्रभराची ओल आत कोंडते. अर्धा तास उघडं राहू द्या.

कापसाच्या गादीला महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंनी ऊन दाखवावं आणि काही वर्षांनी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून, नवी खोळ घालून घ्यावी. तो धंदा आता आटत चाललाय, गल्लीत धनुकलीचा आवाज क्वचित ऐकू येतो. पण गादी टाकून न देता आतून नवी करणारी दुसरी सोय आपल्याकडे नाही. फोमच्या गादीला मात्र कडक ऊन सोसत नाही, फोम पिवळा पडून भुगा होतो. तिला वारा द्या, सावलीत उभी करा, आणि पहिल्या दिवसापासून धुता येईल असं कव्हर घाला.

आता त्या अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांकडे येऊ. दोन वास असतात, ते वेगळे ओळखायला हवेत.

एक वयाचा. २००१ साली जपानमध्ये २६ ते ७५ वर्षं वयाच्या लोकांच्या अंगवासाचा अभ्यास झाला, आणि टू-नॉनेनल नावाचा एक अल्डिहाइड फक्त चाळिशीपुढच्या लोकांत सापडला. वयाबरोबर त्वचेच्या तेलाची घडण बदलते, ते तेल हवेने खवट होतं आणि त्यातून हा रेणू सुटतो. जुन्या पुस्तकासारखा, थोडा तेलकट वास. याचा अस्वच्छतेशी संबंध नाही. रोज दोनदा आंघोळ घातली तरी तो राहतो, उलट म्हाताऱ्या माणसाची त्वचा कोरडी पडून फाटते. तो तेलात असल्यामुळे अभ्रा, सदऱ्याची कॉलर, टोपी, मफलर यांत साठतो. तेव्हा म्हाताऱ्या माणसाला कमी घासा आणि अभ्रे जास्त धुवा, कोमट पाण्यात, चांगल्या डिटर्जंटने. त्यांच्या त्या लाडक्या जुन्या शालीलाही विसरू नका. ती कोणी धुवायला घेतली की ते नाही म्हणतात, तर दुसरी तशीच एक आणून आलटून पालटून द्या.

दुसरा वास लघवीचा. ताज्या लघवीला फार वास नसतो. जीवाणू त्यातल्या युरियापासून अमोनिया तयार करतात तेव्हा डोळ्यांत जाणारा वास येतो. आणि युरिक आम्लाचे स्फटिक गादीत बसतात, ते पाण्यात सहजी विरघळत नाहीत. वाळल्यावर वास गेल्यासारखा वाटतो आणि दमट हवा आली की पुन्हा येतो. म्हणून गादीपर्यंत ओल पोचूच न देणं हाच खरा उपाय. चादरीखाली मेणकापड, मेणकापडावर सुती दुपट्याची घडी. ओलं झालं की लगेच बदला, त्वचेसाठीही ते गरजेचं आहे. ओलीत राहून पाठीला जखमा होतात. गादीला लागलंच तर कोरड्या कापडाने दाबून टिपा, थंड पाणी लावून परत टिपा, मग एन्झाइमचं क्लीनर. ओले कपडे आधी साध्या गार पाण्यात खळबळा, मग धुवा.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा. लघवीच्या कपड्यांवर, गादीवर ब्लीच ओतू नका. ब्लीच आणि अमोनिया मिळून क्लोरामाइन नावाचा विषारी वायू तयार होतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर मिसळला तर क्लोरीन सुटतो. बंद मोरीत हा प्रकार जिवावर बेतू शकतो. तशीच दुसरी सूचना डांबरगोळ्यांची. त्या वास घालवत नाहीत, आपल्या वासाने झाकतात. तान्ह्या बाळाची दुपटी, कपडे डांबरगोळ्यांत ठेवू नयेत. काही बाळांमध्ये जी६पीडी या एन्झाइमची जन्मतः कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात आणि गंभीर कावीळ होते.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे. ‘आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. हे सगळं आम्ही कसं करायचं?’ अगदी रास्त प्रश्न आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. त्या दिवसांत तिथल्या माणसाला ‘भरपूर पाण्यात खळबळा’ म्हणणं म्हणजे क्रूर थट्टा. पाणी कमी असेल तर अंगालगतचं आधी धुवा: बनियन, अंतर्वस्त्रं, मोजे, अभ्रा. हे छोटे कपडे, अर्ध्या बादलीत होतात. शर्टाची आणि ब्लाऊजची फक्त काख आणि कॉलर तांब्याभर पाण्यात साबणाने धुऊन वाळत टाकता येते. पँट, साडी, चादर यांना ऊन-वारा द्या. पाणी नसलं तरी त्या दिवसांत ऊन रगड असतं. घामाचा कपडा वाळवून मगच ठेवा. शेवटच्या खळबळण्याचं पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या भिजवणीला चालतं. आणि शिक्षक ऐकत असतील तर त्यांच्यासाठी: अशा गावात एखाद्या मुलाच्या कपड्यांना वास आला तर वर्गात त्यावर बोलण्याआधी त्याच्या घरी नळ कधी येतो ते विचारा.

दुसरा प्रश्न, ‘आपल्या कपड्यांना वास येतोय हे स्वतःला कळत का नाही?’ कारण नाक सततच्या वासाकडे काही मिनिटांत दुर्लक्ष करायला शिकतं. स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास करणारीला येत नाही, बाहेरून आलेल्याला येतो, तसंच. चार दिवस गावाला जाऊन परत आलात की दार उघडल्यावर पहिल्या क्षणाला जो वास येतो, तो तुमच्या घराचा. तो नीट घेऊन ठेवा. एरवी घरातल्याच विश्वासाच्या माणसाला विचारावं आणि त्याने सांगितलं तर रागावू नये.

आणखी एक. अंगाचा वास अचानक बदलला, फळासारखा गोडसर, अमोनियासारखा किंवा सडल्यासारखा यायला लागला, तर कपडे धूत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, चिघळलेली जखम अशी कारणं त्यामागे असू शकतात.

शेवटची चिठ्ठी पैठणीची आहे. ‘लग्नात नेसलेली, धुता येत नाही, ड्रायक्लीनला दिली तरी काखेजवळ पदराला वास.’ ड्रायक्लीनिंगचं द्रावण तेल काढतं. घामातलं मीठ आणि पाण्यात विरघळणारा भाग तसाच राहतो. तेव्हा देताना डाग कुठे आहे आणि तो घामाचा आहे हे सांगून द्या, म्हणजे ते त्या जागेवर वेगळं काम करतात. घरी आल्यावर पैठणी लगेच कपाटात जाऊ देऊ नका, रात्रभर सावलीत, पंख्याखाली दांडीवर पसरून ठेवा. आणि ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको, जुन्या मऊ सुती धोतरात गुंडाळा, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला.